धुराड्यापासून पुढं

नाही वं पोरी, पाणी नको. तो शिवल्याबिगर मले तोंडात थेंब घालायचा नाही. तो म्हंजे कोण? कावळा वं, दुसरा कोण — ते तिकडं घाटावर पांढऱ्या टोप्यायचा घोळका दिसून राह्यला ना, तिथं माह्या मालकाचा पिंड ठेवला हाये. आज दहावा त्यायचा. सकाळी ठेवला, आता उन्हं पाह्य कुठी आले, अन् कावळा काही शिवत नाही — येते, कठड्यावर बसते, मान वाकडी करून पाहाते, अन् उडून जाते. मंग पुन्हा सगळे हात जोडतात, पुन्हा तो येते, पुन्हा जाते. बस तू, उठू नको, हा बाक काय माह्या बापाचा हाये? मीच तुह्या बाजूले येऊन बसली. तिथं बायांमधी बसवेना म्हून उठून आली — सगळ्या जणी कावळ्याकडं कमी अन् माह्या तोंडाकडं जास्त पाहून राह्यल्या. माही नणंद तं बोललीच, वयनी, दादाच्या मनातलं तुले नाही ठाऊक तं कोणाले ठाऊक? आता काय सांगू तिले. नाही, रडत नाही मी. उन्हानं डोळ्याले पाणी येते माह्या, जुनी आदत हाये डोळ्यायची.

तुहा फेरा अर्धाच झाला ना? मंग चाल, मी येते तुह्या संगं. हळूहळू. तू रोजची पळणारी, पाह्यलं मी तुले, कानात ते पांढरे बोंडं घालून पळते — आज एका म्हातारीच्या चालीनं चाल. ते वैजनाथ गुरुजी, चांगला माणूस हाये तो, पण त्यायले दुपारी धामणगाव बढ्याले दुसरं काम हाये. ते गोविंदाले म्हणले — गोविंदा माहा पोरगा, तो बोडकं करून सगळ्यायच्या पुढं बसला तो — म्हणले, अजून जराशीक वाट पाहू, नाही तं दर्भाचा कावळा करू. हाव, गवताचा! गवताचा कावळा वळायचा अन् त्याची चोच पिंडाले लावून द्यायची, झालं. शास्त्रात चालते म्हणे. शास्त्रात चालत असंल, पण ज्या माणसाचं काही राहून गेलं त्याले चालते का? तेवढ्या वेळात आपला फेरा होते. हात नको धरू माहा, सुतक हाये मले. — धरलाच का? बरं बाई, धर. पुण्याच्या पोरी ऐकत नाहीत कोणाचं. पुण्याचीच ना? बोलण्यावरून वाटलं. बँकेत? बदलीनं आली? अन् नाव काय तुहं? भार्गवी. चांगलं नाव हाये. पोरीयचे नावं चांगलेच ठेवावं माणसानं.

तुमच्याकडं कसं पाहातात मले माहीत नाही, आमच्याकडं असं म्हणतात का मेलेल्या माणसाच्या मनात काही राह्यलं असलं तं कावळा शिवत नाही. मंग घरच्यायनं ओळखायचं काय राह्यलं ते, अन् मोठ्यानं कबूल करायचं, त्यायले ऐकू गेलं पाह्यजे असं. गोविंदानं बिच्चाऱ्यानं सगळं कबूल करून टाकलं. बाबा, मयुरीचं शिक्षण पुरं करीन — मयुरी माही नात, अकोल्याले नर्सिंगले हाये — नाही शिवला. बाबा, आईले अंतर नाही देणार — तरी नाही शिवला. डॉक्टरनं बिडी बंद केली होती, ती बिडी ठेवली पिंडापाशी. चहा ठेवला, गोड, दुधाचा. सुनेनं वरण-बट्टी आणली करून, बट्टी तुपात बुडवून — त्यायचा जीव होता बट्टीवर, तरी नाही. एक म्हणे, एखाद्या देवाचं बोलून ठेवलं असंल, तं देवाचंही कबूल झालं. मंग गोविंदानं एकेकाचं नाव घेऊन सांगितलं, याले सांभाळीन, तिले सांभाळीन — माहं नाव, पोरायचे नावं, आत्याचं, गायीचं सुद्धा! त्याले जेवढे माहीत तेवढे सगळे नावं घेतले त्यानं. त्याची काय चुकी. पोरगा उन्हात बसून घसा कोरडा करून राह्यला.

ही भिंत पाह्य, ही जुनी हाये बरं का, जीनची. बाकी सगळं नवं, ही तेवढी ठेवली. इथं जीन होती — कपाशीतून सरकी काढायचा कारखाना — अन् तिच्या बाजूले रुईच्या, म्हंजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गठाणी दाबायची प्रेस. ह्या भिंतीच्या तिकडून नळगंगा नदी अन् इकडून गाड्यायची रांग, पार टेशनाच्या फाटकापर्यंत. भोंगा वाजला का अर्धं मलकापूर उठे. आता भिंतीवर चित्रं काढले. ही बाई पाह्य, कपाशी वेचून राह्यली — पैठणी नेसून, नथ घालून! नथ घालून कोण जाते वं कपाशी वेचाले? बोंडाच्या टोकानं बोटं फाटतात, अन् ही हसून राह्यली. अन् तिथं चौकात ते सिमेंटचं बोंड, पांढरं — पहिल्या दिवशी मले फुलकोबीच वाटली. मी त्यायले म्हणलं, कोबीचा पुतळा काऊन बांधला यायनं? तं ते इतके हसले, इतके हसले, का खोकला लागला, अन् मंग थांबेच ना. मले भेव वाटलं. म्हणलं, उगंच हसवलं.

हे कॉफीचं हॉटेल. तू येत असशील इथं. हीच प्रेस होती. इथं रुईचा असा धुराळा उडे, का बाजूच्या माणसाले माणूस दिसत नसे, नाकात रुई, पापण्यायले रुई, भाकरीत रुई — अन् आता काचा लावल्या, आत थंडी हवा सोडली, पोरं-पोरी तासन् तास बसतात एका कपावर. नाही, नावं नाही ठेवत मी. जीन बंद पडल्यावर किती वर्सं इथं नुस्ते साप होते अन् दारुडे होते, दिवसा सुद्धा बाई इकडून जात नसे. आता लेकरं येतात, म्हातारे येतात, बायका पंजाबी ड्रेस घालून फिरतात. बरं केलं. कारखाना तं काही परत येत नाही. पण मले एका गोष्टीचं हसू येते — रस्ता बांधला, कुठी जायासाठी नाही, नुस्तं चालायसाठी! जिथून निघालं तिथंच परत यायचं. आमच्या जमान्यात कोणी असं चाललं असतं तं म्हणले असते, याले काही झालं का बापा.

मंग आमीच चालाले लागलो. काय करता, डॉक्टरनं सांगितलं. छातीचा फोटो काढला अन् म्हणे, बाबा, तुमच्या छातीत आयुष्यभराची रुई बसली हाये, ती काही निघत नाही, औषधं घ्या अन् रोज सपाट जागी चालत जा. सपाट जागा गावात कोणती? हीच. जिथं छातीत भरली तिथंच चालून काढाले लावली. संध्याकाळी येवो आमी दोघं. ते म्हणत, पुढच्या बाकापर्यंत. बाक आला का बसत, धाप पुरी करत, मंग पुन्हा, पुढच्या बाकापर्यंत. उघड्या डोक्यानं — टोपी नाही, दुपट्टा नाही, थंडी असो का ऊन. लोकायले वाटे म्हाताऱ्याले केसायची हौस हाये. अन् ते धुराडं आलं, का वळत. हे समोर दिसते ते, विटायचं, उंच. त्याच्यापासून पुढं एक पाऊल नाही. हा रस्ता गोल हाये, सारं गाव गोल फिरते, आमी दोघंच असे का जाऊन परत येणारे. समोरून येणारे म्हणत, आजोबा, पुढूनबी रस्ता हाये. ते म्हणत, राहू द्या, दम नाही. मी कधी म्हणलं नाही का पुढं चला. काऊन म्हणीन? पुढं काय हाये ते मले माहीत होतं, अन् दमाची गोष्ट नव्हती ती.

थांब जराशी. पाय नाही, गुडघा. — वर पाह्य, धुराड्यावर. कावळे. पहिले इथं निंबाचे झाडं होते, मोठे मोठे, त्यायच्यावर बसत. ते झाडं रस्त्यात गेले, आता बसतात इथं. त्यातलाच एखादा तो असंल. तिथून त्याले सगळा घाट दिसत असंल, अन् आपणही दिसत असू.

तुले एक खरं सांगू? तू कोणाले सांगणार, तुले कोण ओळखते इथं. नणंद म्हणते ना, दादाच्या मनातलं तुले ठाऊक नाही का — ठाऊक हाये मले. पहिल्या दिवसापासून ठाऊक हाये, काय पाह्यजे त्यायले. मीच बोलली नाही. सकाळपासून तोंड मिटून बसली. काऊन? काऊन का तो शिवला का हे गेले ना वं! मंग काय राह्यलं मले? अजून घरातच हायेत ते. तू हसशील — मले खोकला ऐकू येते त्यायचा. सकाळी मोरीपाशी येते. दिवा लावला का दारात येते. सून म्हणते, आई, कोणी नाही खोकलत, तुमाले भास होते. असंल भास. जिंदगीभर त्या खोकल्यानं वैताग आणला मले, धड जेवू दिलं नाही का झोपू दिलं नाही, अन् आता तोच खोकला जाऊ नये म्हून मी पोराले उन्हात बसवून ठेवलं. अशी हाये मी. इतक्या वर्साच्या संसारात ह्या माणसानं मले कधी वरच्या आवाजात हाक मारली नाही, अन् मी त्याले दारात ताटकळत ठेवून राह्यली. पण सोडवत नाही वं. तूच सांग, कसं सोडाचं?

नको, वळू नको. आज पुढूनच जाऊ. तू हाये संगं.

हे पाह्य. झोपाळे. घसरगुंडी. अन् ही रेती टाकली लेकरायसाठी, पडलं तं लागू नये म्हून. चांगलं हाये. चांगलंच केलं. मी पहिल्यांदाच पाहून राह्यली हे. … इथं कपाशीचं आवार होतं, हे सगळं, त्या पोपटी कंपाउंडापर्यंत. हंगामात दोन-दोन माणूस उंच ढीग लागत कपाशीचे. आमी बाया आत, मशिनीले कपाशी देत, अन् माणसं बाहेर, गाड्या खाली करत, कपाशी ओतत. हे हमाल होते. अन् लेकरं? लेकरं कुठी ठेवतो वं? घरी कोण होतं? लेकरं आवारातच. थंडीच्या दिवसात कपाशी अशी ऊब धरते, का घोंगडी काय धरंल. ढिगाच्या बुडाशी हातानं खोपा करायचा अन् त्यात लेकराले निजवायचं — सगळेच करत. कोणाले त्यात वावगं वाटत नसे, उलट वाटे, गादीवर निजलं लेकरू. शेठाच्या लेकरापेक्षा मऊ निजलं, असं म्हणो आमी. अन् खोप्यावर एखादं फडकं खोचून ठेवायचं, लाल, पिवळं, लांबून दिसंल असं. फडकं दिसलं का तिथं कोणी गाडी खाली करत नसे. एवढीच रीत.

आमची एक पोरगी होती. गोविंदाच्या आधीची. हाव, होती. चार वर्साची. त्या दिवशी तिले पडसं झालं होतं, नाक गळून राह्यलं, अन् थंडी तं अशी का बोटं वळत नव्हते. मी तिले घरी ठेवते म्हणलं, शेजारणीपाशी, तं ती यायच्या गळ्यातच पडली, म्हणे बाबा संगं येते. आणलं यायनं. सोता खोपा केला तिच्यासाठी, काडी-कचरा निवडून, मऊ मऊ कपाशी दाबून, अन् निजवलं. अन् डोक्याचा दुपट्टा सोडला, लाल दुपट्टा, अन् खोप्यावर खोचून ठेवला. अन् गेले गाडीवर, फाटकाकडं. — तिकडं घाटावर खांबाले टेकून एक म्हातारा बसला ना, काठी घेऊन, तो भगवंतराव. तो तव्हा जवान. यायचा जिवाचा दोस्त, एकाच टोळीत दोघं. तो आला अन् म्हणे, कारभारी, तुहा दुपट्टा तिकडं पडला होता बे, घे, हवेनं उडून जाईल. खोप्याकडं नाही पाह्यलं त्यानं, नुस्ता दुपट्टा पाह्यला, ओळखला, दोस्ताचा हाये म्हून उचलून आणला. अन् यायनं घेतला. काय झालं त्या घडीले, कोण सांगंल? पाठीवर बोजा होता, मुकादम ओरडून राह्यला होता, डोळ्यात घाम होता थंडीतही — घेतला, तोंड पुसलं, अन् डोक्याले बांधला. रोज बांधत तसा बांधला. हाताले आदत असते ना वं. हातानं बांधला.

मंग एक ट्रॉली आली, अन् जिथं फडकं नव्हतं तिथं खाली झाली.

नाही, नाही. तू नको रडू. तू काऊन रडते? तुह्या जन्माच्या लय आधीची गोष्ट हाये ही. बस, बस इथं जराशी, झोपाळ्याच्या ओट्यावर. … ती झोपलेलीच होती. लोकायनं काढली तव्हा मी पाह्यली, झोपलेलीच होती, मूठ गालाखाली. केसात सरकी अडकली होती, ती मी काढली. अन् यायले कोणी काही म्हणलं नाही. मी म्हणलं नाही. भगवंतालेही म्हणलं नाही. कोणाले म्हणू? एकानं लेकराले ऊब दिली, अन् एकानं दोस्ताचा दुपट्टा सांभाळला. वाईट करणारा एकही माणूस नव्हता वं त्या दिवशी आवारात, अन् माही पोरगी गेली. वाईट करणारा असता तं बरं झालं असतं, त्याले शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता. आमाले कोणी भेटलंच नाही दगड माराले.

भगवंता येत राह्यला घरी. दिवाळीले, पोळ्याले. येऊन बसे, हे बिडी देत त्याले, दोघं ओढत, बोलत नसत. अन् यायनं घरी येऊन त्या दिवशी एवढंच म्हणलं, का तिचं नाव आता ह्या घरात कोणी घेऊ नका, मले ऐकवत नाही. तेवढं बोलले अन् डोक्याचा दुपट्टा चुलीत घातला, तव्हापासून डोक्याले काही बांधलं नाही. आमी नाव नाही घेतलं. गोविंदा झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याले आमी सांगितलंच नाही का तुले बहीण होती. जीन बंद पडली, जुने लोक पांगले, कोणी त्याच्या कानावर घातलं असंल तं मले माहीत नाही. त्यानं कधी विचारलं नाही, आमी कधी बोललो नाही. इतके वर्सं एका घरात राह्यलो दोघं, अन् माह्या मनातही तिचं नाव आलं तं मी यायच्याकडं पाहो, का ऐकू तं गेलं नाही ना.

अन् नाव त्यायनंच ठेवलं होतं वं! शेठच्या बंगल्यात एक फुलझाड होतं, पांढऱ्या फुलायचं, दिवस मावळला का वास सुटे त्याचा. हे कामावरून निघाले का फाटकापाशी उभे राहात, नुस्ता वास घेत. एक दिवस माळ्याले नाव विचारून आले. पोरगी झाली तं म्हणे, हेच नाव. सगळे हसले — हमालाच्या पोरीले बंगल्यातलं नाव! आमच्याकडं काय, मनकर्णा, गिरजा, सोनाई. माहंच पाह्य ना, मनकर्णाबाई. पण यायनं ऐकलं नाही कोणाचं. अन् अर्धं नाव कधी घेतलं नाही, लाडानं तोडलं नाही, पुरं नाव घेऊन हाक मारत. ह्या टोकाले उभं राहून हाक मारली का त्या टोकाले ती उठून उभी राहे कपाशीतून, सगळं अंग पांढरं.

दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, नाकाले नळी होती, गोविंदा औषध आणाले गेला होता खाली. यायनं डोळे उघडले अन् मले म्हणले, तिले हाक मार. हळूच म्हणले. मले कळलं, कोणाले ते. न कळाले काय झालं? पण नाव निघालंच नाही वं तोंडातून. इतक्या वर्साचं मिटेल तोंड — नर्सा इकडून तिकडं फिरून राह्यल्या, बाजूच्या खाटेवरचे लोक पाहून राह्यले — ओठ हालले माहे, आवाज नाही. ते पाहात राह्यले माह्या ओठाकडं. वाट पाहात राह्यले. अन् मंग मान वळवली भिंतीकडं. आज तो कावळा मान वळवते ना पिंडावरून, मी पाह्यलं, तशीच. म्हून उठून आली मी तिथून. आता कळलं तुले?

काय नाव? तुले सांगू? … आलं होतं आत्ता. जिभेवर आलं होतं. पण तुले सांगून काय होते, भार्गवी? तू चांगली हाये, तू ऐकशील, रडशील, बँकेत जाशील. ज्याले ऐकायचं तो माणूस तिकडं उपाशी उभा हाये, अन् मी इथं झोपाळ्यापाशी बसून तुह्या कानात सांगू? अन् तेवढ्यात ते गवताचा कावळा करतील अन् लावून देतील त्यायले. न ऐकताच जातील ते! माह्या पायी. मले खोकला पाह्यजे होता म्हून. ऊठ. ऊठ लवकर, मले उठव. गुडघ्याचं नको पाहू माह्या, गुडघा कुठी जाते. चाल, जोरानं चाल, रोज पळते ना तू, आज मले पळव.

हा बंधारा ओलांडला का घाटच. … दम नाही लागला मले, बोलू नको. गुरुजी उठले का? पाह्य तं, तुहे डोळे चांगले हायेत. पिशवी उघडली? दर्भच काढून राह्यले ते. गोविंदाले हाक मार, म्हण थांब — नाही, नको. नको मारू तू. आज हाक मारायचं काम माहं हाये. तू इथं पायरीवर थांब, पुढं नको येऊ.

गुरुजी, थांबा. ठेवा ते गवत खाली. हाव, मले माहीत हाये, बायांनी पिंडापाशी येऊ नये. आली मी. सरका तुमी सगळे, सरक रे तू. नणंदबाई, तुमी तिथंच बसा, काही झालं नाही मले. गोविंदा, उठू नको. हात जोडेल ठेव अन् ऐक. आता मी जे नाव घेईन ते तू कधी ऐकलं नसशील, तुह्या मोठ्या बहिणीचं हाये. लपवलं आमी तुह्यापासून. काय बोलाचं ते घरी बोल मले, लागंल ते बोल. भगवंता, मान वर कर. मान वर कर म्हणते ना! तुह्यावर राग नव्हता कोणाचा, कधीच नव्हता, हे तुले त्या माणसानं सांगाले पाह्यजे होतं, मी सांगते.

अवो. गोविंदाचे बाबा. ऐकता का? दवाखान्यात नाही निघालं तोंडातून, आता निघते. मी हाक मारून राह्यली तिले — निशिगंधा! अवं निशिगंधा! ऊठ माय, बाबा बोलावून राह्यले तुहे — निशिगंधा!

हालू नका. कोणी हालू नका.

…

हाव. खा. सावकाश खा.

झालं? जा आता तुमी. माह्याकडं नका पाहू, मी बरी हाये. जा म्हणलं ना.